पार्किन्सन्स घरात आला की

आमच्या घरी दुधाचा हिशेब स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहितात. ते काम बाबांचं. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून आयुष्य गेलेला माणूस, त्यामुळे आकडे छापल्यासारखे. निदान झालं त्या आठवड्यात आईने सहज मागची पानं उलटली. जानेवारीतला दीड लिटरचा आकडा चौकट भरून बसला होता. ऑगस्टपर्यंत तो मुंगीएवढा झाला होता. हात थरथरायला लागायच्या बऱ्याच आधीपासून आजार भिंतीवर टांगलेला होता आणि आम्ही रोज त्याच्याखाली बसून चहा पीत होतो.

अक्षर बारीक होणं, वास न येणं, जुनाट बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणं किंवा लाथा झाडणं, चालताना एकच हात न हलणं, ही सगळी लक्षणं कंप सुरू होण्याच्या कितीतरी आधी दिसू शकतात. ती मागे वळून पाहतानाच जुळतात. ‘आपल्या लक्षात कसं आलं नाही’ यात आमचा एक महिना वाया गेला. तुमचा घालवू नका.

ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. बाबांचं आजारपण नऊ वर्षं जवळून पाहिलेली मुलगी आहे. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा हे शब्द मला जरा गुळमट वाटले होते. आता तेच तोंडात येतात, कारण ‘पेशंट’ म्हटलं की माणूस खाटेवर आडवा दिसतो, आणि बाबा तर अजून मंडईत जातात.

एक गोष्ट आधीच सांगते. हा आजार बहुतेक वेळा घाई करत नाही, तो वर्षांच्या हिशेबाने पुढे सरकतो. म्हणजे आज सोपी असलेली बरीच कामं आजच उरकायला तुमच्या हातात वेळ आहे. आम्ही त्यातली निम्मी कामं उशिरा केली, म्हणून हा खटाटोप.

पहिल्या आठवड्यात: आजार ओळखा आणि औषधांची पिशवी उलटी करा

मेंदूच्या तळाशी असलेल्या एका भागात डोपामिन नावाचं रसायन तयार होतं. हालचाल सुरू करायला आणि सफाईने करायला ते लागतं. ते बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरतात, त्याला आपण पार्किन्सन्स म्हणतो. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ मध्ये त्याचं वर्णन लिहिलं. त्याचा जन्म ११ एप्रिलचा, म्हणून त्या दिवशी जागतिक पार्किन्सन्स दिन असतो. आयुर्वेदात कंपवात म्हणतात. पण नावावर जाऊ नका, सगळ्यांना कंप येतोच असं नाही. मुख्य लक्षण म्हणजे मंदावलेल्या हालचाली. त्याच्या जोडीला कंप असेल किंवा स्नायूंचा ताठरपणा.

एमआरआय नॉर्मल आला म्हणून पुष्कळ लोक गोंधळतात. या आजाराचं निदान न्यूरोलॉजिस्ट हात लावून, चालायला लावून, बोटं आपटायला लावून करतात. एमआरआय मुख्यतः दुसरं काही नाही ना, हे बघण्यासाठी असतो.

आता पिशवीचं. घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, चूर्ण, थेंब एका पिशवीत भरा आणि न्यूरोलॉजिस्टच्या टेबलावर ओता. काही औषधं पार्किन्सन्ससारखीच लक्षणं निर्माण करतात किंवा असलेली वाढवतात. चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षं घेतली जाणारी सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, भ्रम झाल्यावर देतात ते हॅलोपेरिडॉल ही त्यातली नेहमी भेटणारी नावं. बाबा चक्करेची अशी गोळी दीड वर्ष घेत होते. ती तीन महिन्यांसाठी लिहून दिली होती. नंतर कुणी बंद करा म्हटलं नाही, आणि केमिस्ट जुनी चिठ्ठी बघून देत राहिला. ती बंद केल्यावर आजार गेला नाही, पण पाय बरेच मोकळे झाले. मात्र अशी औषधं स्वतःच्या मनाने थांबवू नका, मानसिक आजारासाठीची तर मुळीच नाही. ‘ही औषधं देऊ नयेत’ अशी यादी डॉक्टरांकडून लिहून घ्या, तिचा एक फोटो मोबाईलमध्ये आणि एक कागद पाकिटात ठेवा.

नातेवाइकांना कधी सांगायचं, हे शुभार्थीला ठरवू द्या. बाबांनी सहा महिने कुणाला सांगितलं नाही. लग्नकार्यात हात खिशात घालून उभे राहायचे. लोकांना वाटायचं, माणसाला शिष्टपणा आलाय.

दुसऱ्या आठवड्यात: एक वही आणा

साधी दोनशे पानी. आमच्या वहीतलं एक पान असं आहे:

‘६.३० गोळी. ७.०५ हात सुटले, दाढी स्वतः केली. ८.०० पोहे. ९.४० उजवा पाय जड. १०.३० गोळी. ११.२० अजून जड, उशीर का? (१० वाजता दूध प्यायले.) दुपारी छान, रस्त्याच्या टोकापर्यंत. रात्री दोनदा बाथरूम, एकदा तोल गेला, पडले नाहीत. पोट साफ नाही, दुसरा दिवस.’

न्यूरोलॉजिस्टकडे तुम्हाला दहा-पंधरा मिनिटं मिळतात. तिथे गेल्यावर शुभार्थी एकदम ताठ होतो, ‘छान चाललंय डॉक्टर’ म्हणतो, आणि घरी येऊन सोफ्यात कोसळतो. याचं कारण मला अजून कळलेलं नाही, पण आमच्या गटातल्या प्रत्येक घरात हेच होतं. म्हणून भेटीआधीच्या दोन आठवड्यांची नोंद हवीच. औषध चालू असताना अंग मोकळं असतं त्याला ‘ऑन’ म्हणतात, त्याचा असर उतरला की ‘ऑफ’. ऑन-ऑफच्या वेळा वहीत असल्या की डॉक्टर डोस अंदाजाने नाही, घड्याळ बघून ठरवतात. ऑफमधला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ असेल तर फारच उत्तम. फक्त विचारून काढा.

वहीत हालचालीखेरीज आणखी काही लिहा. झोप, लघवी, उदासपणा, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. संध्याकाळी ‘दारात कोण उभं आहे’ असं विचारलं आणि तिथे कुणी नसलं, तर तेही. नैराश्य आणि धास्ती हे या आजाराचेच भाग असतात, मन खंबीर नसल्याचा पुरावा नव्हेत. आणि एक नाजूक गोष्ट. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना पैसे लावून खेळण्याचा, वेड्यासारखी खरेदी करण्याचा किंवा लैंगिक इच्छेचा अनावर नाद लागतो. साठ वर्षं पै-पैचा हिशेब ठेवलेला माणूस अचानक लॉटरीची तिकिटं आणायला लागला, तर भांडायच्या आधी डॉक्टरांना फोन करा.

गोळी आणि वरण यांचं भांडण

लेव्होडोपा हे औषध १९६० च्या दशकात आलं आणि अजूनही त्याच्याइतकं परिणामकारक दुसरं नाही. त्याच्या जोडीला कार्बिडोपा असतं. लेव्होडोपा मेंदूत पोचायच्या आधी वाटेतच संपू नये आणि मळमळ कमी व्हावी, हे त्याचं काम. पाकिटावरचे आकडे लोकांना चकवतात. ११० म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५ म्हणजे १०० आणि २५. म्हणजे दोन्हींत लेव्होडोपा तेवढंच. २७५ मध्ये मात्र २५० असतं. केमिस्टने ‘११० नाही, १२५ घ्या, एकच आहे’ म्हटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल करू नका.

आता मुद्द्याचं. लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाटेने जातं, त्याच वाटेने जेवणातली प्रथिनं जातात. एसटीच्या एकाच दारातून दोघांना चढायचं असतं. गोळी आणि वरण-भात एकदम घेतलं की वरण आत जातं आणि गोळी फलाटावर राहते. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची. दूध, दही, डाळ, अंडी, मटण, पनीर ही सगळी प्रथिनंच. ती बंद करायची नाहीत, माणूस वाळतो. फक्त गोळीच्या वेळेपासून लांब ठेवायची. सुरुवातीला नुसत्या गोळीने मळमळत असेल तर एखादा खाकरा किंवा चतकोर कोरडी पोळी चालते. लोहाच्या गोळ्याही याच वेळी नकोत, त्यांनीही लेव्होडोपा कमी शोषलं जातं.

आमच्याकडे खरी अडचण सकाळच्या चहाची झाली. बाबांचा चहा म्हणजे निम्मं दूध. साडेसहाला गोळी, पावणेसातला चहा, आणि नऊपर्यंत पाय हलत नाहीत. चहा सव्वासातला ढकलला, तीन दिवस घरात अबोला होता, चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाले, ‘फरक आहे.’

मोबाईलमध्ये गजर लावा. बाबांच्या फोनमध्ये पाच आहेत. तासाभराची चूकसुद्धा पुढे पुढे महागात पडते. ‘सीआर’ लिहिलेली गोळी कुटून किंवा चावून देऊ नका, ती हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते. आणि ही औषधं एकाएकी कधीच बंद करायची नाहीत. तसं केल्याने तीव्र ताप, प्रचंड ताठरपणा आणि बेशुद्धीपर्यंत वेळ येऊ शकते. घरात पंधरा दिवसांचा साठा असूच द्या. गोळी जितकी उशिरा सुरू करू तितकी ती पुढे पुरेल, असा एक समज आहे, त्यात तथ्य नाही. त्रास सहन करत राहिल्याने काही शिल्लक पडत नाही.

इथेच ‘मुळापासून बरं करतो’ म्हणणाऱ्यांचं सांगते, कारण निदानाची बातमी फुटली की पहिल्या पंधरवड्यात ते येतात. खाजकुइलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा खरोखर असतं, म्हणूनच ते चूर्ण जपून घ्यायला हवं. गोळीच्या वर ते चालू केलं की एकूण डोस किती झाला हे कुणालाच कळत नाही. घ्यायचंच असेल तर न्यूरोलॉजिस्टला सांगून. स्टेम सेलचं इंजेक्शन देतो म्हणून लाखो रुपये मागणारे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत पार्किन्सन्ससाठी असा उपचार मान्य नाही, तो फक्त नोंदणीकृत संशोधनात होऊ शकतो, आणि त्यासाठी पेशंटकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले, की उठून या. मेंदूत तारा बसवण्याची डीबीएस शस्त्रक्रिया मात्र खरी आहे. तिने आजार जात नाही, निवडक लोकांना खूप आराम पडतो, आणि लेव्होडोपाला चांगला प्रतिसाद असणं ही त्यातली मोठी अट. त्याचा विचार पहिल्या वर्षात सहसा करावा लागत नाही.

घरातून एक फेरी मारा

संध्याकाळी, दिवे लावायच्या आधी, शुभार्थीच्या मागून चाला. कुठे अडखळतात, कशाला धरतात, ते बघा. भिंतीवर हाताचे ठसे जिथे मळकट झालेत तिथे कठडा हवा, हे मला आमच्या सुताराने सांगितलं. एवढा साधा सल्ला कुठल्या पुस्तकात वाचला नाही.

पायपोस, सतरंज्या, चटया उचला. बाथरूममध्ये स्टीलचे दांडे लावून घ्या, पण टॉवेलचा दांडा आधाराला समजू नका, तो उखडतो. कमोडजवळ एक, नळाजवळ एक. आंघोळीला स्टूल. बेडपासून बाथरूमपर्यंत रात्रीचा छोटा दिवा. खोल सोफ्यातून उठता येत नाही, हात असलेली जरा उंच खुर्ची द्या. लेंग्याची नाडी काढून इलॅस्टिक घाला. पलंगावर कूस बदलताना सुती चादरीला कपडे चिकटतात, गुळगुळीत कापडाची विजार घातली की वळणं सोपं जातं. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली, मग एक मिनिट बसून राहायचं, कारण रक्तदाब एकदम उतरू शकतो.

पाय जमिनीला चिकटणं, म्हणजे ‘फ्रीझिंग’, हे सहसा दाराच्या उंबऱ्यात, लिफ्टसमोर, अरुंद जागेत, वळताना होतं. अशा वेळी आपण हाताला धरून ओढतो. नेमकं तेच करायचं नाही, पाय जागेवरच असतात आणि वरचं धड पुढे जातं. थांबा. श्वास घ्या. वजन एका पायावर घ्या. मग ‘डावा’ म्हणा.

मिलेहा सोनेजी या पुण्याच्या डिझायनरच्या काकांना पार्किन्सन्स होता. सपाट जमिनीवर त्यांना वॉकरशिवाय जमत नसे, पण जिना ते सहज चढत-उतरत. हे बघून त्यांनी जमिनीवर जिन्याचा आभास देणारं चित्र चिकटवलं आणि काका त्यावरून चालू लागले. मेंदूला डोळ्यांनी खूण दिली की अडलेली वाट सोडून तो दुसऱ्या वाटेने काम करतो. आम्ही तेवढं कलात्मक काही केलं नाही. पॅसेजमध्ये एकेका पावलाच्या अंतरावर पिवळी चिकटपट्टी आडवी लावली. पाहुणे विचारतात, घरात लंगडी खेळता का? बाबा म्हणतात, हो.

अंग, आवाज आणि घास

फिजिओथेरपी पडल्यानंतर नाही, पडण्याआधी सुरू करा. नियमित व्यायामाचा फायदा औषधाइतकाच गंभीरपणे घ्यायचा. भरभर चालणं, मुद्दाम मोठी पावलं टाकणं, हात लांब झोकणं, खुर्चीतून हात न टेकता उठबस. वेळ ऑनमधली निवडा. पुण्यात ऋषिकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या लोकांसाठी नृत्यवर्ग चालवले आहेत. अमेरिकेत ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या संस्थेने २००१ मध्ये असं काम सुरू केलं होतं. ताल मिळाला की पाय सुटतात, हे आपल्याकडे दिंडीत चाललेल्या कुणालाही पटेल. बाबा नाचायला कबूल होईनात. मग टाळ दिले.

आवाज हळू होतो आणि गंमत म्हणजे तो हळू झालाय हे बोलणाऱ्याला जाणवत नाही. बाबांना वर्षभर वाटत होतं की आईला कमी ऐकू येतंय. तिची कानाची तपासणीसुद्धा झाली! स्पीच थेरपिस्टकडे मोठ्याने बोलण्याचे ठरावीक व्यायाम शिकवतात. घरी रोज पेपरातले मथळे पलीकडच्या खोलीत ऐकू जातील असे वाचायचे, सतराचा पाढा म्हणायचा, रामरक्षा पाठ असेल तर ती.

गिळण्याकडे मात्र पहिल्यापासून लक्ष ठेवा, कारण पुढच्या टप्प्यात अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे या आजारातलं मोठं संकट असतं. आपल्याकडे भांडं तोंडाला न लावता मान वर करून पाणी ओतून प्यायची सवय असते, ती सोडायला लावा. मान किंचित खाली, छोटा घोट, घोट गिळून झाल्यावरच दुसरा. चिवडा, फरसाण, कोरडे पोहे यांचे कण घशात उडतात. जेवताना टीव्ही बंद आणि गप्पा थोड्या. जेवताना वारंवार खोकला येत असेल किंवा जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा येत असेल, तर वाट न बघता डॉक्टरांना सांगा.

माणसं शोधा, गरज पडण्याआधी

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे, तिचे मदतगट मुंबईबाहेरही चालतात. या संस्था व्यायामाचे वर्ग, तज्ज्ञांची व्याख्यानं, सहली, ऑनलाइन बैठका असं बरंच काही करतात. गावाकडे असाल तर फोनवरून जोडून घ्या. परदेशात असाल तर अमेरिकेत पार्किन्सन्स फाउंडेशन आणि ब्रिटनमध्ये पार्किन्सन्स यूके यांच्याकडे स्थानिक गटांची माहिती मिळते. आणि तुमच्या शहरात काहीच नसेल, तर न्यूरोलॉजिस्टच्या रिसेप्शनवर आपला नंबर ठेवून या, ‘नवीन कुणी आलं आणि बोलावंसं वाटलं तर द्या’ म्हणून. दोन घरं जोडली गेली तरी तो गटच.

पहिल्या सभेची भीती खरी असते, ती उडवून लावू नका. तिथे व्हीलचेअरवरचे लोक दिसतात, लाळ पुसणारी बायको दिसते, आणि नवा माणूस मनात हिशेब करायला लागतो की आपलं असं कधी होणार. बाबा पहिल्या वेळी दाराजवळच्या खुर्चीत बसले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी दोन वर्षं कुणाच्या घरी चहा घेतला नव्हता, कारण कप बशीवर खडखडायचा. चहाच्या वेळी शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, ‘अहो, अर्धाच घ्यायचा. बशी नाही घ्यायची. आणि दुसरा अर्धा मागायला लाजायचं नाही.’ बस, एवढंच. परत येताना रिक्षात बाबा म्हणाले, पुढची सभा कधी आहे ते विचारलं का?

डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी आणि गटात विचारायच्या गोष्टी वेगळ्या ठेवा. डोस डॉक्टरांनाच विचारायचा. ‘त्यांना दोन चालतात, तुम्हीपण घ्या’ हा प्रेमळ सल्ला प्रत्येक गटात मिळतो, तो हसून सोडून द्यायचा. पण कुठल्या फिजिओला घरी बोलावता येतं, रात्रीसाठी कोणतं भांडं ठेवावं, मुलगा चिडचिड करतो त्याचं काय करावं, हे गटाइतकं चांगलं कुणी सांगू शकत नाही.

जो सांभाळतो त्याचं काय

आईची गुडघेदुखी, रक्तदाब, झोप यांची वही कुणी ठेवली नव्हती. चौथ्या वर्षी तिला चक्कर येऊन ती ओट्याशी बसली, तेव्हा कळलं की ती रोज रात्री चार वेळा उठत होती. म्हणून शुभंकरच्या सुट्टीचा दिवस पहिल्या वर्षीच ठरवा, अगदी काही गरज वाटत नसली तरी. आमच्याकडे गुरुवारची दुपार आईची. ती भजनी मंडळात जाते, किंवा नुसती मैत्रिणीकडे जाऊन झोपते. त्या वेळी मी किंवा भाऊ घरी असतो. सवय आधी पडलेली असली की ‘मला टाकून चाललीस’ हे ऐकावं लागत नाही. निदान कमी वेळा.

ब्यूरोतून सांभाळायला मावशी किंवा मामा ठेवायची वेळ आली तर सुरुवात दोन तासांपासून करा. ओळखपत्र, पोलीस पडताळणी, सुट्टीच्या दिवशी बदली कोण, हे आधी विचारा. गोळ्यांच्या वेळा भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत लावा. आणि त्यांना सांगा की सकाळी शर्टाचं बटण लावायला दहा मिनिटं लागली तरी बाबांनाच लावू द्यायचं. घाईने आपण करून टाकतो आणि येत असलेली एक गोष्ट हातची जाते.

परगावच्या, परदेशातल्या मुलांनी अपराधीपणाने रोज नवीन संशोधनाच्या लिंक पाठवण्यापेक्षा एक काम पूर्ण अंगावर घ्यावं. फॉर्म भरणं, औषधं मागवणं, विम्याचा पाठपुरावा. माझ्या भावाने ते केलं, म्हणून पुढचा भाग मला लिहिता येतोय.

सही चालते आहे तोवर कागद

अक्षर बारीक होतं तशी सहीही बदलते. बाबांचा चेक सही जुळत नाही म्हणून परत आला. बँकेत गेलो तर काउंटरवरच्या मुलाने त्यांना चार वेळा सही करायला लावली, मागे रांग, आणि दर वेळी ती आणखी बारीक होत गेली. असं होण्याआधी खातं ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात’ अशा पद्धतीने संयुक्त करा, वारसनोंद तपासा, नमुन्याची सही नवीन द्या. सहीच जमेनाशी झाली, तर आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेण्याची तरतूद आहे, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. हे बँकेतल्या सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही. शांतपणे मॅनेजरला भेटा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्सचा समावेश आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्रासाठी, केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. बहुतेक लाभांना ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व लागतं. तपासणीला जाताना न्यूरोलॉजिस्टचे कागद, आणि ती वही. प्राप्तिकरात जुन्या करप्रणालीत ८० डीडीबी या नावाने ओळखली जाणारी उपचारखर्चाची सवलत आहे. मर्यादा ४० हजार, ज्येष्ठ नागरिकासाठी १ लाख. तिथेही दिव्यांगत्व ४० टक्के असावं लागतं आणि न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी लागते. नवी करप्रणाली घेतलीत तर ही सवलत नाही. वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर आयुष्मान भारतचं ५ लाखांचं संरक्षण उत्पन्न न बघता मिळतं, पण ते दाखल झाल्यावरचं आहे, दर महिन्याच्या गोळ्यांना ते उपयोगी नाही.

मुखत्यारपत्र करताना एक खाच लक्षात ठेवा. आपल्याकडचं साधं मुखत्यारपत्र ते देणाऱ्याची समज हरपली की संपतं, म्हणजे नेमकं हवं असतं तेव्हा. त्यामुळे मृत्युपत्र, संयुक्त खाती, वारसनोंदी यांवर भर द्या. उपचार कुठे थांबवायचे हे सांगणारं इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलं आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. हा विषय आम्ही कसा काढावा म्हणून महिनाभर कुजबुजत होतो. बाबांनीच एका रविवारी कागद मागितला आणि मसुदा आरेखकाच्या थाटात, समास सोडून, मुद्दे घालून लिहिला. भिंग लावून वाचावा लागला.

दाराजवळची पिशवी

शेवटचं काम एका दुपारचं आहे. एक पिशवी भरून कपाटात दाराजवळ ठेवा. पार्किन्सन्सच्या माणसाला दुसऱ्याच कारणासाठी, डेंग्यू, हर्निया, हाड मोडलं म्हणून, दाखल करावं लागतं, आणि वॉर्डात गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा ठरलेल्या फेऱ्यांनी येतात. एका रुग्णालयात बाबांची साडेसहाची गोळी नऊला आली. साडेआठला ते कूसही बदलू शकत नव्हते, आणि नर्सने फाइलवर ‘सहकार्य करत नाहीत’ असं लिहिलं.

तर पिशवीत तीन दिवसांच्या गोळ्या मूळ पाकिटात. वेळांचा तक्ता, तीन प्रती: एक फाइलला, एक पलंगावर चिकटवायला, एक तुमच्या हातात. ‘ही औषधं देऊ नयेत’ची यादी. न्यूरोलॉजिस्टचा नंबर. आधार, विम्याचं कार्ड, यूडीआयडीची झेरॉक्स. चष्मा, न घसरणाऱ्या चपला, मोबाईलचा चार्जर. दाखल होताच ड्यूटी डॉक्टरांना सांगून टाका की या गोळ्या घड्याळाप्रमाणेच लागतात, तशी नोंद फाइलवर करून घ्या, आणि नोंद होईपर्यंत काउंटरवरून हलू नका. दर दोन महिन्यांनी गोळ्यांची मुदत तपासायची. आमच्याकडे त्याची आठवण कॅलेंडरवर लिहिलेली असते, दुधाच्या आकड्यांच्या खाली. दूध आता आई लिहिते.